कौटुंबिक स्टेपलर

अमेरिकेत, पिस्कॅटवेतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता श्रीरंगदादांनी उपासनाला स्टेपलर फेकून मारला. भुवईच्या वर दोन टाके पडले. मीटिंग रूमच्या भिंतीवर 'येथे हिंसाचार खपवून घेतला जात नाही' असा फलक होता, आणि तो चांगला डोळ्यांच्या उंचीवर लावलेला होता. म्हणजे कंपनीकडून कसलीही कुचराई झालेली नव्हती.

श्रीरंगदादा टीमचे मॅनेजर. हाताखालचे, उपासना धरून, सातही जण महाराष्ट्रातले, दादांनीच चिकटवलेले. नवीन आलेल्याला एअरपोर्टवरून घरी नेणार, आठवडाभर बेसमेंटमध्ये ठेवणार, देवयानीवहिनी गरम वरणभात वाढणार. मग पुढची सगळी वर्षं दादा त्याला चारचौघांत गाढव म्हणणार आणि हाताला लागेल ते भिरकावणार. टीममध्ये याला 'हक्काने रागावणं' म्हणत.

उपासनाने तक्रार केली, तेव्हा शेजारच्या टेबलावरचा अवधूत हादरला.

"डायरेक्ट एचआर? वेडी आहेस का यार? परक्यांना कशाला इन्व्हॉल्व्ह करायचं? घरचं माणूस आहे ते."

"घरच्या माणसाने टाके पाडलेत, अवधूत."

"अगं, हक्काने रागावले. संध्याकाळी वहिनींचा फोन येईल बघ."

फोन आला. वहिनींनी जखमेवर हळद लावायला सांगितली.

चौकशी एचआरच्या हेदरबाईंकडे होती. त्यांनी प्रत्येक साक्षीदाराला पहिला प्रश्न विचारला, "प्रतिवादी तुमचे कोण?" सहाही जणांनी वेगवेगळ्या खोलीत, न अडखळता सांगितलं, थोरले भाऊ. अवधूतने तर भाऊबीजेचा फोटोच दाखवला. दादा टोपी घालून पाटावर बसलेत आणि उपासना त्यांना ओवाळतेय. अकरा वर्षांच्या नोकरीत हेदरबाईंना इतके एकमुखी साक्षीदार मिळाले नव्हते.

चार दिवसांत निकाल आला. भावाने बहिणीला मारणे ही कौटुंबिक बाब असून ती कार्यस्थळाच्या कक्षेत येत नाही, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. तथापि, सख्ख्या भावाच्या हाताखाली काम करत असल्याची माहिती तक्रारदाराने रुजू होताना दडवल्याचे चौकशीत उघड झाले आहे. नातेवाइकांबाबतच्या धोरणानुसार कनिष्ठ नातेवाइकाची सेवा समाप्त करण्यात येत आहे.

उपासना तरातरा खाली एचआरमध्ये गेली. "ते माझे भाऊ नाहीत! आमचे आईवडील वेगळे, आडनाव वेगळं. वहिनींनी बोलावलं म्हणून ओवाळलं मी!"

"घरात भांडण झालं की लोक नातंच नाकारतात," हेदरबाई मायेने म्हणाल्या. "आय अंडरस्टँड." आणि त्यांनी कौटुंबिक समुपदेशनाचं पत्रक तिच्या हातात ठेवलं.

त्याच धोरणानुसार उरलेल्या सहा भावंडांनाही नोटिसा निघाल्या. अवधूत दहा मिनिटांत एचआरमध्ये हजर.

"मॅडम, दादा इज जस्ट अ वे ऑफ टॉकिंग! आमच्याकडे रिक्षावाल्यालाही दादा म्हणतात!"

हेदरबाईंना ते लगेच पटलं. सहाही नोटिसा रद्द झाल्या. दादांना अर्थात नोटीस नव्हतीच. ते ज्येष्ठ नातेवाईक होते.

"मग माझ्याबद्दलही सांग की हेच," उपासना म्हणाली.

अवधूतने मान खाली घातली. "तुझा फोटो आहे ना पण."

उपासनाला रडू आलं नाही. इतका संताप आला की टाके ठणकायला लागले.

नोकरी गेली की व्हिसाच्या नियमाने साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. तिने ओळखीच्या सगळ्यांना फोन लावले. वेस्ट विंडसरच्या मालिनीमावशी हळहळल्या. क्युपर्टिनोच्या मैत्रिणीने दादांना सणसणीत शिव्या घातल्या. नाशिकला आईने डोळ्यांना पदर लावला. सगळ्यांनी अगदी पोटतिडकीने ऐकलं, आणि ऐकून झाल्यावर, किंचित थांबून, सगळ्यांनी एकच विचारलं, "पण तू नेमकं केलं काय होतंस?"

वाचकहो, तुम्हीही संकोच करू नका. पहिल्या वाक्यापासून तुमच्याही जिभेवर हेच आहे. विचारून टाका. ती अजून बावन्न दिवस इथेच आहे.