मेश्रामजींच्या मशीनची बोली

मेश्रामजींच्या संगणकावर स्पेसबार दाबला तर काहीच व्हायचं नाही. एरवी संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याने गाणं सुरू होतं, बंद होतं. पण मेश्रामजी मुळात ढोलकीवाले. ऐकता ऐकता त्यांचा अंगठा स्पेसबारवर ठेका धरायचा आणि गाणं दर मात्रेला अडखळायचं. म्हणून त्यांनी त्या बटणाचं कामच काढून घेतलं.

आम्ही दोघं जवाहरनगरच्या फॅक्टरीत एकाच सेक्शनला होतो. निवृत्तीनंतर घरंही शेजारी बांधली. समोरच्या खोलीत बसून ते आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांसाठी संगीत तयार करतात. सॉफ्टवेअरचे सगळे शॉर्टकट त्यांनी बदललेले. चालू करायला 'सी', थांबायला 'टी', आवाज बंद करायला 'जी', म्हणजे गप.

"मशीनले आपली बोली शिकवा लागते, भाऊ," ते सांगत. "आपण काहून तिची शिकावी?"

एकदा तुमसरचा एक गायक आला. गाणं ऐकायला त्याने हौसेनं 'पी' दाबलं. मेश्रामजींकडे 'पी' म्हणजे पुसा. पडद्यावरून अख्खी ढोलकी गेली. गायकाचं तोंड उतरलं. मेश्रामजींनी शांतपणे 'व्ही' दाबलं. "वापस," म्हणाले, आणि ढोलकी आली.

ही अक्षरं त्यांनी आणि त्यांच्या मुलीनं, प्रज्ञानं, मिळून बसवली होती. मेश्रामवहिनी गेल्यावर घरात हे दोघंच. जेवताना एखाद्या अक्षरावरून त्यांचा वाद चालायचा, तो भिंतीपलीकडे मला ऐकू यायचा. पुढे प्रज्ञाला हैदराबादला एका स्टुडिओत नोकरी लागली. फोन यायचा, पण धावतपळत. जेवले का, गोळी घेतली का, ठेवते.

यंदाच्या उन्हाळ्यात जुना संगणक कायमचा बसला. नवा आणला, तर त्यात शॉर्टकट सगळे कंपनीचे. मी म्हटलं, "प्रज्ञाकडे जुन्या सेटिंगची फाइल असेल. मागवून घ्या, मिनिटाचं काम आहे."

"पाहू," ते म्हणाले.

फाइल काही मागवली नाही. प्रज्ञा मात्र रोज संध्याकाळी व्हिडिओवर दिसू लागली. एकेक अक्षर कसं बसवायचं ते ती सांगायची, हे चुकायचे, ती हसायची, पुन्हा सांगायची.

परवा मी चहाला गेलो तेव्हा ते मशीनपुढे एकटेच होते. सेटिंग उघडून त्यांनी भराभर सगळी अक्षरं बसवली, एक तुकडा वाजवून पाहिला, मान डोलावली. मग एकेक करून सगळी काढून टाकली. मी दारात दिसलो तसे ओशाळले.

"तिले सांगू नका, भाऊ."

तेवढ्यात तिचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, कालचं जमलं का?"

"नाही होऊन राहिलं, बेटा."

ती थोडा वेळ बापाच्या तोंडाकडे पाहत राहिली. मागून कोणीतरी तिला हाक मारत होतं. तिनं तिकडे हात करून थांबायला सांगितलं.

"माझ्याकडे फाइल आहे, बाबा," ती म्हणाली.

मेश्रामजींनी माझ्याकडे पाहिलं.

"पण ती नव्या मशीनवर चालणार नाही बहुतेक. आपण हातानंच करू. सावकाश."