सायकल सोडून सगळ्याचा रंग

रंग उतरवायच्या द्रावणाच्या डब्यावर मजकूर लिहिणारे साहेब, तुम्ही खोटारडे आहात! 'कोणताही जुना रंग दहा मिनिटांत सोलून निघेल' असं छापताना हात जरासुद्धा अडखळला नाही तुमचा? तुम्ही पंख्याखाली बसून लिहिलंत आणि मोकळे झालात. इकडे उस्तादाच्या बाथरूमचं काय झालं, ते आता ऐका!

उस्ताद हे काही त्याचं खरं नाव नाही. थोरल्या बहिणीनं चिडवायला ठेवलेलं. हातात घेतलेली वस्तू त्यानं सुटी केली नाही असं कधी झालं नाही, आणि पुन्हा जोडली असंही कधी झालं नाही. ही ताई पत्र्याची कपाटं बनवणाऱ्या कारखान्यात, रंगखात्यात आयुष्यभर राबली. ऊन असो, पाऊस असो, बाई आपल्या काळ्या पोलादी सायकलवरून सगळ्यांच्या आधी फाटकात हजर! आता निवृत्त झाली आणि सायकल जिन्याखाली धूळ खात पडली. सांगाड्यावर तांबूस फोड आले. ताईनं भंगारवाल्याला सांगूनही टाकलं, रविवारी संध्याकाळी येऊन घेऊन जा.

उस्ताद धावत ताईकडे गेला. तो याच सायकलवर शिकला होता, आणि मागून कॅरियर धरून धावली होती ती ताईच!

"ताई, भंगारात देऊ नकोस. मी जुना रंग पार उतरवतो. खालचं पोलाद असं चमकवतो, की तोंड बघशील त्यात!"

"तू? माझा मिक्सर अजून पिशवीत आहे, उस्ताद."

"मिक्सरचं वेगळं होतं."

"रविवार संध्याकाळ. रंग गेला तर सायकल राहील, नाहीतर सायकल जाईल."

रविवारी बायको बाजारात गेली तशी उस्तादानं चाकं काढून नुसता सांगाडा बाथरूममध्ये नेला. प्लास्टिकची बादली पालथी घातली, तिच्यावर सांगाडा आडवा ठेवला. द्रावण प्लास्टिकच्या मगात ओतलं, बायकोचे भांडी घासायचे हातमोजे चढवले, आणि नवरीला हळद लावावी तसं ते हळुवार फासलं. दहा मिनिटं झाली. लोखंडी पत्रीनं खरवडून पाहिलं. रंग ढिम्म! अजून फासलं. रंग ढिम्मच!

तेवढ्यात हातातल्या मगानं मान टाकली. बूड सुटलं, द्रावण बादलीवर सांडलं, दारावर उडालं. बादली मऊ पडली आणि सायकल तिच्यात हळूहळू बसू लागली, म्हैस डबक्यात बसते तशी. हातमोज्यांची बोटं चिकटली. एक चप्पल फरशीनं ठेवून घेतली.

बाजारातून परतलेली बायको बाहेरून ओरडली, "अहो, कसला वास येतोय? काय चाललंय आत?"

"काही नाही गं! रंग उतरतोय!"

"सायकलचा?"

उस्तादानं दाराकडे पाहिलं. रंगाच्या सुरकुत्या पडून त्याच्या लांबच लांब पट्ट्या लोंबत होत्या.

"दाराचा!" तो म्हणाला.

तरी गडी हटला नाही, हे मात्र मानलं पाहिजे! सगळं धुऊन काढलं, दार सुटं करून बाजूला ठेवलं, आणि दुपारभर पत्रीनं, तारेच्या ब्रशनं सांगाडा घासत बसला. खांदे भरून आले. तांबूस फोड तेवढे गळून पडले. तो गंज नव्हताच, वाळलेलं ग्रीस होतं. खाली तोच काळा रंग, ओरखडासुद्धा नाही! त्यात उस्तादाला स्वतःचं रडवेलं तोंड स्वच्छ दिसत होतं.

संध्याकाळी ताई आली. उस्ताद मान खाली घालून म्हणाला, "हरलो, ताई. दे भंगारात."

ताईनं नळीवरून बोट फिरवलं. मग जी हसत सुटली!

"अरे वेड्या, हा काय डब्यातला रंग आहे ब्रशनं फासलेला? शनिवारी भट्टीच्या शेवटच्या फेरीला कामगारांनी घरची एक वस्तू कपाटांच्या ओळीत आकड्याला टांगायची, अशी आमच्या खात्याची पद्धत. कुणी पत्र्याची पेटी टांगे, कुणी लोखंडी पाळणा. मी दरवर्षी चाकं काढून हिचा सांगाडा टांगायची. मीच त्यावर रंग फवारायची आणि कपाटांबरोबर भट्टीत भाजून पक्का करायची! एकावर एक थर चढलेत."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? तू तर शिकवत होतास!" मग तिनं सांगाडा छातीशी धरला. "बाई गं, एवढा टिकलाय माझा रंग, आणि मी ही भंगारात द्यायला निघाले होते? कुठे गेली चाकं? जोड लवकर. नको, थांब! तू नको. मीच जोडते."

काय बाई आहे! तासाभरात सायकल उभी, आणि ताई गल्लीतून घंटी वाजवत पसार!

भंगारवाला वेळेवर आला. तो रिकाम्या हातानं गेला नाही. बादली, मग, एक चप्पल आणि दाराची कडी त्यानं नेली. दाराचं विचारलं तर म्हणाला, "हे नको."

तेव्हा, साहेब, 'कोणताही रंग' म्हणजे ताईचा धरून की सोडून? आणि उस्तादाच्या घरी बाथरूमला आता पडदा आहे, तो पाहुण्यांनी किती दिवस सहन करायचा? बोला, उत्तर द्या!