टपालबाई आणि साहेबांची भिंत

बसच्या अपघातात मोडलेला टपालबाईंचा हात केव्हाच सांधला होता, पण कुठे काही धाडकन वाजलं की त्या अजूनही थेट टेबलाखाली जात. दार आपटलं, टेबलाखाली. कोणाच्या हातून जाडजूड फाइल पडली, टेबलाखाली. ऑफिसने त्यांचं नाव ‘भूमिगत’ ठेवलं होतं आणि साहेब तर जाता-येता विचारत, की आज टपाल वर मिळेल की खाली? बाई हसत. हसून झालं की आत जाऊन तोंड धुऊन येत.

शेवटी नणंदेने त्यांना एका समुपदेशक डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथे टपालबाईंनी नेहमीचं सांगितलं, की मला सगळं कळतं, अपघात कधीच संपला, आता घाबरण्यासारखं काही नाही.

“तुमच्या डोक्याला कळलंय हो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अंगाला कुणी सांगितलंच नाही. ते अजून त्या बसमध्येच बसलंय.”

मग त्यांनी शिकवलं: धसका बसला की पाय जमिनीत रोवायचे, दोन्ही तळव्यांनी भिंत ढकलायची, श्वास लांब सोडायचा आणि अंग थरथरलं तर थरथरू द्यायचं. घरी सराव सुरू झाला. नवऱ्याने आधी भिंतीला ओल आली का ते पाहिलं, मग चहाचा कप घेऊन कौतुकाने शेजारी उभा राहू लागला.

आणि एका दुपारी ऑफिसात वाऱ्याने खिडकी आपटली. बाई अर्ध्या वाकल्या, थांबल्या, सरळ झाल्या आणि समोरच्या भिंतीला भिडल्या. चूक एवढीच, की ती भिंत नव्हती. साहेबांच्या केबिनचं प्लायवूडचं पार्टिशन होतं.

शिपायाला वाटलं, पार्टिशन पडतंय आणि बाई एकट्या तोलून धरताहेत. त्याने धावत येऊन खांदा लावला. शिपाई घाम गाळतोय म्हटल्यावर हेडक्लार्क आले, त्यांच्या मागून टायपिस्ट. “अहो सोडा, माझा व्यायाम चाललाय,” असं बाई म्हणेपर्यंत अख्खा हिशेब विभाग येऊन भिडला होता. सगळ्यांनी मिळून जिवाच्या आकांताने पार्टिशन वाचवलं आणि ते कडकडत आत, साहेबांच्या कपाटावर आदळून जमिनीवर आडवं झालं.

धूळ बसली तेव्हा सगळं ऑफिस टेबलांखाली होतं. उभ्या होत्या फक्त टपालबाई. छाती धडधडत होती, गुडघे लटलटत होते. त्यांनी ते लटलटू दिले. हळूहळू गुडघे आपणहून थांबले, तळव्यांत ऊब आली आणि बाईंना हसू फुटलं. या वेळी तोंड धुवायला जावंसं वाटलं नाही.

पडलेल्या पार्टिशनवरून ऐटीत चालत त्या केबिनमध्ये गेल्या. साहेब टेबलाखाली बसून ‘मी ठीक आहे’ म्हणत होते, पण हनुवटी त्यांचं ऐकत नव्हती.

“थरथर अडवू नका, साहेब,” बाई म्हणाल्या. “पाय टेकवा. हं. आता श्वास सोडा. सगळा.”

साहेबांनी निमूटपणे सोडला. मग बाईंनी एकेका टेबलाखालून एकेकाला बाहेर काढलं, व्हरांड्यातल्या दगडी भिंतीशी रांगेने उभं केलं आणि साहेबांसकट सगळ्यांना ती ढकलायला लावली.

दुसऱ्या दिवशी सुतार नव्या पार्टिशनचं माप घ्यायला आला, तेव्हा साहेबांनी त्याला दारातूनच परत पाठवलं.

“तू नको, गवंड्याला धाड,” ते म्हणाले. “विटांची पक्की भिंत हवी. आम्ही सगळे मिळून ढकलतो.”