तानुबाईच्या गोधडीचा नंबर

“—अमेरिकेचं तसंच हाय बाप्पा! साऱ्या हिंदुस्थानातून वर्षाले फक्त शंभर. मायबाप असो नाई तं कोनी असो, एकशेएकावा आला का वापस. अन् खर्चाचं म्हणसान तं—”

नेमकी तेवढ्यात मलकापूर स्टेशनातून मालगाडी धडाडत निघाली. पंजाबराव बाकाच्या या टोकाला बसून त्या टोकाचं बोलणं ऐकत होते. (आता कान काही खुंटीला टांगून ठेवता येत नाहीत.) शेवटचा डबा गेला तेव्हा बाक रिकामा होता. बोलणारे दोघं कोटवाले पलीकडच्या पॅसेंजरमध्ये चढले होते आणि खर्चाचा आकडा त्यांच्यासोबत भुसावळकडे निघाला होता.

पंजाबरावांची पिंपळगाव राजात पिठाची चक्की. मलकापूरला ते आले होते इंजिनाचा नवा पट्टा न्यायला. जुना मधोमध उसवला होता आणि दोरी बांधून कसाबसा फिरत होता. पण ही बातमी कानात पडली आणि पट्टा मलकापुरातच राहिला. या बातमीची वाट बघणारं एक घर होतं.

ते घर म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या तानुबाईंचं. नवरा मागेच गेलेला. एकुलता निवृत्ती सहा वर्षांपूर्वी सरकारी स्कॉलरशिपवर अमेरिकेला शिकायला गेला, तिकडेच नोकरीला लागला, लग्न केलं, आणि आता सूनबाईला सहावा महिना होता. ‘माय, तू ये. भाड्याचं मी पाहतो,’ असं त्यानं कळवलं होतं. पासपोर्टही करवून दिला होता. राहिला होता तो फक्त व्हिसा.

“काकू, शंभरच!” पंजाबरावांनी अंगणातूनच सांगितलं.

“काय शंभर गा?”

“अमेरिकेत शंभरच मायबाप घेते वर्षाले. साऱ्या हिंदुस्थानातून!”

“व माय! अन् खर्च?”

“खर्च इतका हाय काकू, का सांगनाऱ्याचा आवाजच मालगाडीखाली गेला.”

तानुबाई ओट्यावर बसल्या. त्यांनी गोठ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “मंग म्हैस इकाव लागन.” मग तळहात पुढे करून म्हणाल्या, “तो गेला त्या दिवशी त्याच्या डोक्यावर ठेवला होता हा हात. तवापासून रिकामाच हाय पाह्य.”

बातमी आणणं पंजाबरावांना जमे. तिनं कोणाच्या गोठ्यातली म्हैस हलेल, हे त्यांच्या कधी लक्षात येत नसे.

घरी गेले तर कोकिळाबाईंनी विचारलं, “पट्टा कुठी हाय?”

“पट्ट्याचं काय घेऊन बसली? तिकडं शंभरच हाये!”

“अन् ह्या शंभराचं वर्ष लागते कवा? पाडव्याले का दिवाळीले?”

बायकोचा प्रश्न अडाणी असतो असं मानायची पंजाबरावांना सवय होती, पण हा मात्र थेट काळजात घुसला. त्यांनी विचार केला. इंग्रजी कारभार, म्हणजे एक जानेवारी. आणि आज डिसेंबरची अठरा! मुंबईच्या कचेरीपुढे आत्ताच लोक बसायला लागले असतील.

आता रांग ही गोष्ट पंजाबरावांना कोणी शिकवायची गरज नव्हती. चक्कीत रोज सकाळी रांग लागे, पण माणसांची नाही, डब्यांची. ज्वारीचा डबा ठेवायचा, रांगेत सरकवायचा आणि खुशाल वावरात जायचं. डबा आहे म्हणजे माणूस आहे. दुसऱ्याचा डबा मागे ढकलणाऱ्याला पंजाबरावांनी एकदा चार दिवस दळण दिलं नव्हतं. फक्त एकच नियम होता : ज्याचा नंबर, त्याचीच वस्तू.

दुसऱ्या दिवशी तानुबाई खामगावला बहिणीकडे गेल्या. त्यांची गोधडी अंगणातल्या बाजेवर उन्हात पडली होती. पंजाबरावांनी तिची वळकटी केली, दोरीनं आवळली आणि वर चिठ्ठी शिवली :

‘तानुबाई, मु. पो. पिंपळगाव राजा, यांचा नंबर. मालकीण मागून येत आहे. कृपया मागे सरकवू नये.’

मलकापूरच्या पार्सल ऑफिसातल्या बाबूनं वळकटी फिरवून पाहिली. “काय आहे यात?”

“नंबर.”

“वस्तू काय आहे म्हणतो मी!”

“गोधडी. पन हाय नंबर.”

बाबूनं ‘जुने कपडे’ असं लिहिलं आणि गोधडी मुंबईच्या अमेरिकन कचेरीकडे रवाना झाली. पंजाबराव पुण्य केलेल्या माणसाच्या चालीनं परत आले. (पट्टा याही वेळी राहिला.)

दोन दिवसांनी भिंतीपलीकडून आवाज आला, “माई गोधडी कोनं नेली व?”

पंजाबराव हसतमुखानं गेले. “काकू, घाबरू नोका. तुमची गोधडी अमेरिकेच्या रांगेत लागली. मी लावली!”

“अरे पंजाब, त्याच्यात निवृत्तीचा कागद शिवेल होता! सयीशिक्क्याचा! त्याच्याबिगर व्हिसा भेटत नाई म्हणे!”

“कागद गोधडीत कायले शिवला काकू?”

“मंग कुठी ठेवू? पेटीत ठेवला असता तं तू वाचला नसता काय?”

पंजाबरावांनी रिकामी बाज उगाच सरळ केली. (पेटीची किल्ली कुठे असते, हे त्यांना ठाऊक होतं.)

पुढचे तीन आठवडे ते बोटांवर दिवस मोजत राहिले. निवृत्तीला दुसरा कागद मागायचा तर पत्र जाऊन यायला दोन महिने, मग व्हिसा, मग प्रवास, आणि तोवर सूनबाई बाळंत. चक्कीत कोणाच्या घरी काय शिजलं, कोणाची पोरगी कुठे दिली, हे त्यांनी विचारणंच सोडलं. लोकांना वाटलं, पंजाबरावाला दम्याचं काहीतरी निघालं. शेवटी त्यांनी मुंबईचं तिकीट काढायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी पोस्टमन लांब पाकीट घेऊन आला. तानुबाईंच्या नावाचं. उघडून वाचलं अर्थातच पंजाबरावांनी, पण या वेळी सांगितल्यावरून.

‘ती. तानुबाई यांस सा. न. वि. वि. मी इंद्रभान, या कचेरीत कारकून आहे. माझं गाव आपल्या बाजूचंच, रोहिणखेड. आपली गोधडी आली तेव्हा साहेबांनी विचारलं, हे काय आहे? दोरीची गाठ पाहून मी म्हटलं, हे आमच्याकडचं आहे. घडी घालताना आत कागद वाजला. टाके उसवून पाहिलं तर आपल्या चिरंजीवांचं हमीपत्र. आपल्या नावाचा कोरा अर्ज काढून ते त्याला लावून ठेवलं आहे. नंबर लावलात म्हणजे शंभराचं आपण ऐकलं असणार. ते खरं आहे, पण ते तिकडे कायमचं राहायला जाणाऱ्यांचं. लेकाला भेटून परत येणाऱ्या आईला शंभराची मोजणी नाही. फी थोडकी आहे, त्यासाठी घरचं काही विकू नये. पासपोर्ट घेऊन या. इथं रांग नाही, त्यामुळे आपली गोधडी पहिलीच आहे. ती माझ्या खुर्चीमागे ठेवली आहे. टाके मात्र मला नीट घालता आले नाहीत.’

“वाच बरं पुन्हा,” तानुबाई म्हणाल्या.

“कोनतं?”

“मोजणी नाई, थे.”

पंजाबरावांनी ते तीन वेळा वाचलं. तानुबाई उठल्या आणि सहा वर्षं रिकामा असलेला हात त्यांनी पंजाबरावांच्या डोक्यावर ठेवला.

“तुया डोस्क्यात काई नाई पंजाब. पन हात ठेवाले जागा चांगली हाय.”

माघ संपता संपता तानुबाई गेल्या, मुंबईच्या कचेरीतून परत मिळालेली गोधडी घेऊनच. म्हैस पंजाबरावांच्या गोठ्यात आली आणि रोज कोकिळाबाईंच्या हातून धार देऊ लागली. (पंजाबरावांना ती लाथ मारी.) वैशाखात पत्र आलं. निवृत्तीच्या एका मित्रानं तानुबाई बोलल्या तसं उतरून घेतलं होतं :

‘नातू गोधडीत निजते. इंद्रभानाले दुवा देतो आमी सारे. सारं चांगलं हाय, पन इथले शेजारी दार लावून घेते. घरात काय शिजलं, कोनीच इचारत नाई. सांजच्याले मले पंजाबची लय सय येते.’

हे वाचून पंजाबरावांना त्या देशाची फार दया आली. एवढं मोठं राष्ट्र आणि विचारपूस करायला माणूस नाही! त्यांनी त्याच दिवशी इंद्रभानला कार्ड टाकलं : मायबापाची सोय समजली, शेजाऱ्याची काय आहे?

पंधरा दिवसांत उत्तर आलं. कोकिळाबाईंनी ते अक्षर अक्षर जुळवत मोठ्यानं वाचलं :

‘शेजाऱ्यांसाठी वेगळी सोय नाही. कायमचं जायचं असल्यास त्यांना शंभरातच बसावं लागेल. कृपया अंथरूण पाठवू नये.’

पंजाबरावांनी कोपऱ्यात बांधून ठेवलेल्या आपल्या सतरंजीची दोरी सोडायला घेतली.

“दोरी फेकू नोका,” कोकिळाबाई म्हणाल्या. “चक्कीचा पट्टा अजून दोरीवरच फिरून राह्यला.”