घर कितीला पडलं?

कुरुंद्याचे हळदीचे व्यापारी संतराम बोंढारे नवं घर बांधायचं म्हणून हिंगोलीला आर्किटेक्ट ज्योती खिल्लारे यांच्या ऑफिसात गेले, तेव्हा खुर्चीवर टेकायच्या आधीच त्यांनी फी विचारली.

“एकूण खर्चाच्या पाच टक्के,” ज्योती म्हणाल्या. “थोडी आधी, थोडी काम चालू असताना, राहिलेली घर झाल्यावर.”

“चार रेघा वढायचे पाच टक्के?”

“नुसत्या रेघा नसतेत, काका. ऊन कुठून येणार, पाणी कुठून जाणार, लोखंड किती लागणार, सगळं त्यात येतं. शिवाय मी कामावर येऊन बघत राहणार.”

“म्हंजे घर जितकं महाग, तितकी तुमची फी जास्त. मंग तुमी महागच घर काढनार की!”

“तसं वाटत असेल तर ठोक रक्कम ठरवू. खर्च वाढो की घटो, फी तेवढीच.”

ठोक रकमेचा आकडा ऐकून संतराम विचारात पडले. ठोक म्हणजे ठोक, त्यातून एक रुपया सुटायचा नाही. पण टक्का कशावर? खर्चावर. आणि खर्च सांगणार कोण? आपणच. आपल्या हुशारीचं त्यांना इतकं कौतुक वाटलं, की त्यांनी ज्योतीबाईंना वर चहाही पाजला.

“टक्क्यानंच घ्या म्याडम,” ते उदारपणे म्हणाले. “तुमचं नुकसान नगं.”

काम सुरू झालं आणि खर्च अदृश्य व्हायला लागला. सागवानी दरवाजे बसले. ते, संतरामांच्या सांगण्यावरून, शेताच्या बांधावर आपोआप वाढलेल्या झाडांचे होते. फरशी मेव्हण्यानं आहेरात दिली. स्वयंपाकघरात काळाभोर ग्रॅनाइटचा लांबलचक ओटा झाला, तेव्हा ज्योतीबाई त्यावर हात फिरवत म्हणाल्या, “हा केवढ्याला?”

“ह्यो? हिंगोलीला एका दुकानात उरलेला तुकडा पडून व्हता. फुकटात दिला बिचाऱ्यानं.”

“सिंकचं भोकसुद्धा बरोबर जागेवर आहे.”

“नशीब म्हणायचं, दुसरं काय!”

असं करत करत ज्योतीबाईंना सांगायचा एकूण खर्च बावीस लाखांवर आला. गावात मात्र गोष्ट उलटी होती. हॉटेलावर बसून हेच संतराम सांगत, “ऐंशी लाख गेले! पर घर कसं पायजे? मानूस दारातून परत न्हाई जायला पायजे!”

खरा खर्च होता अठ्ठावन्न लाख. तो फक्त संतरामांना आणि त्यांच्या बायकोला, द्वारकाबाईंना माहीत होता. द्वारकाबाईंची पंचाईत अशी, की कोण आलं त्यावर आकडा बदलायचा. एकदा शेजारणीला बावीस आणि ज्योतीबाईंना ऐंशी सांगता सांगता त्या वाचल्या.

“काहून ह्या वयात माझ्या जिवाला घोर लावून राहिले?” त्या चिडल्या. “दाराला पाटी तरी लावा, कुनाला किती सांगायचे त्येची!”

घर पूर्ण झालं. त्याच सुमारास त्यांच्या मुलाला, हरीशला, कळमनुरीचं स्थळ सांगून आलं. मुलीचे वडील सोमेश्वरराव, खतं-बियाण्यांचे मोठे दुकानदार. मध्यस्थानं ऐंशी लाखांच्या घराचं वर्णन त्यांच्या कानावर घातलंच होतं. सोमेश्वरराव पत्नी रुख्मिणीबाईंना घेऊन घर बघायला आले आणि नेमक्या त्याच दुपारी ज्योतीबाईही शेवटची पाहणी करून फी ठरवायला आल्या.

संतरामांनी त्यांना मागच्या खोलीत बसवायचा प्रयत्न केला. पण रुख्मिणीबाईंनीच त्यांना आपल्याशेजारी सोफ्यावर बसवून घेतलं. घर कुणी काढलं ते त्यांना कळलं होतं. पोहे आले. सोमेश्वररावांनी छताकडं पाहिलं, दरवाज्यावर टकटक करून पाहिलं आणि विचारलं,

“पाव्हणे, घर कितीला पडलं?”

संतरामांच्या घशात पोह्यातला शेंगदाणा अडकला. समोर व्याही, शेजारी फी.

“देवाच्या किरपेनं झालं बघा…”

“ते हायेच हो. पर आकडा?”

“काका मला बावीस लाख म्हणले,” ज्योतीबाईंनी शांतपणे सांगितलं. “बरोबर ना, काका?”

संतरामांनी मनातल्या मनात हिशोब केला. छत्तीस लाखांवरचे पाच टक्के वाचत होते. स्थळं काय, दुसरीही येतील.

“बावीस,” ते म्हणाले. “बराबर बावीस.”

आता पाहुणे उठतील म्हणून द्वारकाबाईंनी डोळे मिटून घेतले. पण सोमेश्वरराव उठले नाहीत. त्यांचा चेहरा उजळला.

“ऐंशी ऐंशी म्हणून लोकं उगंच बोंबलून राहिले व्हते! सागवान, ग्रॅनाइट आन् बावीस लाखात? पाव्हणे, कळमनुरीला माझा पलाट रिकामा पडलाय. ठेकेदार साठ मागतो. आता त्या चोराकडं कशाला जाऊ? सोयरीक पक्की! हेच घर, जसंच्या तसं, बावीस लाखात तुमीच बांधून द्या. पैसे उद्याच देतो.”

“पोरीचं लग्न नव्या घरातूनच करू,” रुख्मिणीबाई म्हणाल्या.

दीड-दोन लाख वाचवायला गेलेला माणूस छत्तीस लाखांच्या खड्ड्यात उभा होता.

“अवो, बावीसमंधी न्हाई व्हत…” संतराम चाचरले. “अठ्ठावन्न लागले.”

सोमेश्वररावांनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली.

“गावात ऐंशी, आत्ता बावीस, आन् माझं नाव निघालं की अठ्ठावन्न? सोयऱ्याकडूनच कमवायचं ठरवलं काय?”

“देवाशप्पथ अठ्ठावन्न!”

“मंग बावीस कोन बोललं?”

संतराम आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलत होते आणि पाहुण्यांतला एकही माणूस विश्वास ठेवायला तयार नव्हता. त्यांनी काकुळतीनं ज्योतीबाईंकडं पाहिलं.

“म्याडम, तुमी शिकलेल्या हायेत. तुमीच सांगा ह्यांना, असं घर बावीस लाखात व्हतं का?”

“नाही होत,” ज्योतीबाई म्हणाल्या. “मोजमाप घेऊन, मालाचे भाव लावून लेखी दाखला देता येईल. तो पाहुण्यांनाही मान्य होईल.”

“द्या! आत्ता द्या!”

“देते. त्याची फी वेगळी.”

संतरामांनी मान डोलावली.

आठवड्यानं ज्योतीबाई दाखला घेऊन आल्या, पाहुणेही पुन्हा जमले. घराचा खर्च एकसष्ट लाख, म्हणजे फीही त्यावरच.

“एकसष्ट?” संतराम किंचाळले. “अवो अठ्ठावन्नच लागले! फरशीच्या दुकानात घासाघीस केली म्या, दिवसभर उपाशी बसलो तिथं! तीन लाख खरंच वाचवले! आईची आन!”

ज्योतीबाईंनी चष्मा पुसला. सोमेश्वरराव दाखला वाचून खूश झाले, एकसष्ट लाखांच्या घरात मुलगी द्यायला त्यांची काही हरकत नव्हती. त्यांनी संतरामांच्या खांद्यावर हात ठेवला.

“असू द्या पाव्हणे. समजतं आमाला. आता देऊन टाका त्या बाईचे पैसे.”

संतरामांनी शेवटची आशा म्हणून बायकोकडं पाहिलं. “अगं, तू तरी सांग!”

द्वारकाबाई पाहुण्यांना चहा ओतत होत्या. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

“मला काय इचारता?” त्या म्हणाल्या. “मला आजचा आकडा ठाव न्हाई.”