सुमनच्या नावाच्या पावत्या

राऊतसरांना सहीसाठी पेन दिलं, तर अर्धी सही झाली की ते परत करायचे. उरलेली अर्धी स्वतःच्या पेनाने. "घेतलं की परत द्यायचं," हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं होतं, की मला राग येऊ लागला होता. आमच्याकडून पोह्यांचा डबा मसोलीला त्यांच्या घरी गेला, तर दुसऱ्या दिवशी घासूनपुसून, आत चार चिकू घालून तो माझ्या टेबलावर हजर.

तलासरीजवळच्या आमच्या कारखान्यात ट्रकांचं वजन नोंदवणारा प्रोग्राम सरांनी एकट्याने लिहिला होता. तो युनिक्स या संगणकप्रणालीवर चालायचा, पण मेमरीचं वाटप सरांनी युनिक्सवर सोडलं नव्हतं. सकाळीच एक मोठा तुकडा मागून घ्यायचा आणि लागेल तसे लहान तुकडे करून आपणच वाटायचे. काम झालं की तुकडा परत. परत आलेल्या तुकड्यात एक खूण भरून ठेवायची, म्हणजे प्रोग्रामने चुकून रिकामी जागा वाचली तर खूण दिसेल आणि चूक पकडता येईल.

"रिकाम्या जागेवर खूण हवी रे," सर म्हणायचे. "नाहीतर काय गेलं ते कळत नाही."

खूण कोणती, ते मी कधी विचारलं नाही.

२०१७ साली ट्रकांच्या वजनकाट्याशेजारी दुसरा काटा बसला आणि आठवड्याभरात एक गुजराती ड्रायव्हर पावती नाचवत आत आला. "साहेब, गाडी तो मेरी है. ये सुमन कौन है?"

पावतीवर ट्रकनंबराच्या जागी 'सुमन' छापलं होतं. आम्ही पोट धरधरून हसलो. सर हसले नाहीत. पावतीची घडी करून त्यांनी खिशात ठेवली.

मग हे रोजचंच झालं. दोन्ही काट्यांवर एकदम ट्रक आले की एका पावतीवर सुमन. तीही पावती सरांच्या खिशात. अच्छाडच्या ढाब्यांवर आमच्या काट्याला सुमनचा काटा म्हणू लागले. कुठलाही बिघाड अर्ध्या तासात शोधणाऱ्या सरांना हा पंधरा दिवस सापडेना. मॅनेजर म्हणाले, शनिवारपर्यंत नीट झालं नाही तर हा प्रोग्राम पुसून नवा आणू.

शेवटी वैतागून मीच प्रोग्राम उघडून बसलो. दुपारपर्यंत सापडलं. पावती छापून होण्याआधीच ट्रकनंबराचा तुकडा परत दिला जात होता आणि नंबराऐवजी त्यात भरलेली खूण छापली जात होती: सुमन. अर्धी सही करून पेन परत करावं, तसाच.

"सर, सापडलं," मी म्हणालो.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," सर म्हणाले. "सुमन गेली त्याच वर्षी लिहिला हा प्रोग्राम. तीन वर्षं आतच होती. बाहेर दिसली, तर म्हटलं, चार दिवस दिसू दे."

त्यांच्या बायकोचं नाव मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. हसलो होतो त्याची फार लाज वाटली.

"दुरुस्त कर. गाड्या खोळंबतात," ते म्हणाले. "आणि ते नाव काढ. शून्य भर."

चूक मी दुरुस्त केली. नावाला हात लावला नाही. तसं सरांना सांगितलंही.

संध्याकाळी मॅनेजरनी चुकीच्या पावत्या फायलीला लावायला मागितल्या. सरांनी वरच्या खिशावर हात ठेवला.

"हरवल्या," ते म्हणाले.