केसरबाईच्या तोंडची मिरची

बाजाराचं गणित अख्ख्या तालुक्यात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. शाळेतलं कळलं असतं तर सातवी पास झालो असतो. तर आमच्या गावात खातो एक आणि चव लागते भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला. पोट मात्र ज्याचं त्याचंच भरतं.

त्यामुळे इथे स्वतःच्या आवडीचं कुणी घेत नाही. शेजाऱ्याशी भांडण झालं की लोक कारली घेतात, समेट झाला की गूळ. सुपडू ओट्यावर उभा राहून भाव पुकारतो, घेणारे हात वर करतात. सगळे हात आणि सगळा माल जुळला की भाव ठरला. तोवर कुणी घरी जायचं नाही, असा रिवाज.

माझ्या भिंतीपलीकडे केसरबाई राहते. मी ठेचा खायचा, तिनं ठसकायचं. तिनं कारलं चावायचं, मी थुंकायचं. आमच्या या वैरावर मिरची आणि कारल्याचा भाव वर्षानुवर्षं टिकून होता.

यंदा तिला ताप आला. माझ्या तोंडाला नुसती पेज लागायची. मग एके सकाळी पेजही लागेना. म्हणजे बाई जेवतच नव्हती. कारल्याची इतकी आठवण मला कधी आली नव्हती.

त्या दिवशी बाजारात मी मिरचीला हात वर केला नाही. गुळाला केले. दोन्ही.

सुपडू पुकारायचा थांबला. "आप्पा, तुम्ही मिरची सोडली तर ती स्वस्त होईल. सगळं गाव शेजाऱ्यांच्या जिभा भाजेल."

"भाजू दे."

"आणि गूळ चढला तर समेटवाल्यांनी काय खायचं?"

"एकमेकांचं डोकं."

गूळ चढलाच. गुळाविना राहिलेले चिंचेकडे गेले, चिंच चढली, तेव्हा तेच लोक मिरचीकडे वळले. उन्हं उतरली, सुपडूचा घसा बसला, तरी हात आणि माल जुळेनात. मी आपला नमुन्याचा गुळाचा खडा तोंडात घोळवत बसलो.

"खरं सांगा, हे बाईसाठी ना?"

"छे! गोडानं तिचे दात किडावेत म्हणून."

"दात खाणाऱ्याचे किडतात, आप्पा."

"माझे उरलेत कुठे?"

एवढ्यात गर्दी बाजूला झाली. गोधडी पांघरून, काठी टेकत केसरबाई आली. तिनं सुपडूकडे बघून कारल्याला हात वर केला आणि माझ्याकडे वळली.

"आधी तो गूळ थुंका," ती म्हणाली. "तोंड भाजलं की अंथरुणातसुद्धा कळतं मला, पलीकडचा म्हातारा जिवंत आहे. आज गोड लागलं, तर वाटलं तुम्ही गेलात आणि त्या घरात कुणी चांगला माणूस राहायला आला."